मागणी अमर्याद, साधने मर्यादित : संशोधन करणाऱ्या रुग्णालयातील संगणक सेवांचे नियोजन

सार्वजनिक विश्वस्त संस्थेने चालविलेल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्णांची संख्या, झालेल्या शस्त्रक्रिया, निर्धन रुग्णांना दिलेली सवलत आणि प्राप्त झालेल्या देणग्या यांचा तपशील सभासद आणि हितचिंतक आस्थेने वाचतात. अलीकडच्या वर्षांत जमाखर्चाच्या पत्रकातील आणखी एका रकान्याकडे त्यांचे लक्ष जाऊ लागले आहे. तो रकाना म्हणजे संगणक व माहिती तंत्रज्ञान यांवरील खर्च. 'हा पैसा खाटांवर किंवा औषधांवर का खर्च होत नाही?' असा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारला जातो आणि तो सर्वस्वी रास्त आहे. धर्मादाय रुग्णालयात प्रत्येक रुपयाला दुसरा हक्कदार असतो. या प्रश्नाचे उत्तर केवळ 'काळाची गरज' या दोन शब्दांत देणे पुरेसे नाही. संगणक सेवांची मागणी कोठून येते, ती का वाढते, तिच्यातील कोणती पुरवावी, कोणती थांबवावी आणि हे ठरविण्याची रीत कोणती, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न आहे.

मागणीचे तीन प्रवाह

केवळ उपचार करणाऱ्या रुग्णालयापेक्षा उपचाराबरोबर संशोधनही करणाऱ्या रुग्णालयाची स्थिती निराळी असते. तेथे संगणक विभागाकडे मागणीचे तीन प्रवाह एकाच वेळी येऊन मिळतात.

पहिला प्रवाह रुग्णसेवेचा. नोंदणी, केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, क्ष-किरण व सी.टी. स्कॅनच्या प्रतिमा, औषधभांडार, रक्तपेढी, बिले ही सर्व कामे आज संगणकावर चालतात. या प्रवाहाचा जोर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत सर्वाधिक असतो आणि सोमवारी तो विशेष जाणवतो.

दुसरा प्रवाह संशोधनाचा. औषधांच्या चाचण्या, अनुदानावर चालणारे प्रकल्प, एम.डी. व डी.एन.बी.च्या विद्यार्थ्यांचे प्रबंध या सर्वांना जुन्या नोंदी शोधून हव्या असतात, नव्या नोंदींसाठी तक्ते हवे असतात, विश्लेषणासाठी शक्तिमान संगणक हवा असतो. या प्रवाहाला ऋतू आहेत. प्रबंध सादर करण्याची तारीख, एथिक्स कमिटीची बैठक, अनुदानाच्या अर्जाची अखेरची मुदत यांच्या आधीच्या पंधरवड्यात तो एकदम फुगतो.

तिसरा प्रवाह प्रशासनाचा व कायद्याचा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-कक खाली २००६ पासून अमलात असलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी जमा करावी लागते. हा हिशेब दर महिन्याला अचूक निघणे हे काम संगणकाकडेच येते. मासअखेर आणि ३१ मार्च या दिवशी लेखा विभागाची निकड बाह्यरुग्ण विभागापेक्षा कमी नसते.

हे तिन्ही प्रवाह निरनिराळ्या वेळी आले असते तर फारशी अडचण नव्हती. मात्र मार्चअखेरचा सोमवार, त्याच आठवड्यात प्रबंधांची मुदत आणि त्याच सकाळी प्रयोगशाळेच्या यंत्राचा संगणकाशी तुटलेला संबंध, असा योग वर्षातून अनेकदा येतो. माणसे तीच, यंत्रे तीच आणि मागणारे मात्र तिप्पट. नियोजनाचा प्रश्न येथे उभा राहतो.

साठवणुकीचे साधे गणित

संशोधनामुळे खर्च किती वेगाने वाढू शकतो हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. पुढील रुग्णसंख्या केवळ उदाहरणादाखल घेतली आहे.

सी.टी. स्कॅनची एक प्रतिमा साधारणतः ५१२ × ५१२ बिंदूंची असते आणि प्रत्येक बिंदूला दोन बाइट लागतात. म्हणजे एका प्रतिमेला अर्धा मेगाबाइट. एका तपासणीत अशा ४०० प्रतिमा निघाल्या तर २०० मेगाबाइट होतात. दिवसाला ३० तपासण्या धरल्या तर ६ गीगाबाइट आणि वर्षाला सुमारे २,२०० गीगाबाइट, म्हणजे सव्वादोन टेराबाइटच्या आतबाहेर जागा लागते.

आता एक संशोधन प्रकल्प पाहू. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जोड्या असतात. चुका टाळण्यासाठी तो सरासरी तीस वेळा वाचण्याची पद्धत रूढ आहे. अशा एका व्यक्तीची कच्ची माहिती साठविण्यास १०० गीगाबाइटच्या आसपास जागा लागते. प्रकल्पात ६० व्यक्ती असतील तर ६,००० गीगाबाइट झाले. साठ माणसांच्या एका अभ्यासाने संपूर्ण क्ष-किरण विभागातील सी.टी. स्कॅनच्या जवळजवळ पावणेतीन वर्षांच्या प्रतिमांएवढी जागा घेतली! शिवाय सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत अन्यत्र ठेवावयाची असल्याने हा आकडा दुप्पट होतो.

या गणिताचा खरा पेच त्याच्या मुदतीत आहे. प्रकल्पाचे अनुदान बहुधा दोन-तीन वर्षांचे असते, माहिती मात्र त्यानंतरही जपावी लागते. २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सा चाचणी नियमांनुसार एथिक्स कमिटीने चाचणीचे दप्तर ती पूर्ण झाल्यावर पाच वर्षे जतन करावयाचे असते. अनुदान संपते, संशोधक सहायकांची नेमणूक संपते, पण माहितीचे भाडे चालूच राहते आणि ते संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून, म्हणजे अप्रत्यक्षपणे रुग्णसेवेच्या पैशातून द्यावे लागते. यास्तव अनुदानाचा अर्ज लिहितानाच 'प्रकल्प संपल्यानंतरची साठवणूक' हे कलम अंदाजपत्रकात घालणे हा मागणीच्या नियोजनातील पहिला धडा होय. जो खर्च प्रकल्पाच्या आरंभी मागता येतो तो प्रकल्प संपल्यावर कोणीही देत नाही.

रांगेचे शास्त्र

संगणक विभागाकडे आलेली प्रत्येक तक्रार वा विनंती ही रांगेत उभी राहते. रांगांचे शास्त्र नवे नाही. डेन्मार्कमधील आग्नर एर्लांग या गणितज्ञाने कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी १९०९ मध्ये त्याचा पाया घातला. किती तारा आणि किती ऑपरेटर ठेवले म्हणजे बोलणाऱ्यास फार काळ थांबावे लागणार नाही, हा त्याचा प्रश्न होता. आमचाही प्रश्न तोच आहे.

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसास असे वाटणे स्वाभाविक आहे की कर्मचारी व यंत्रे शंभर टक्के कामात गुंतलेली असणे हेच काटकसरीचे लक्षण. रांगेचे गणित याच्या विरुद्ध सांगते. समजा, एक तंत्रज्ञ आहे, एका तक्रारीस त्याचा सरासरी अर्धा तास जातो आणि तक्रारी अनियमितपणे येतात. तो निम्मा वेळ कामात असेल तर नव्या तक्रारीस सरासरी अर्धा तास थांबावे लागते. तो ८० टक्के वेळ कामात असेल तर ही प्रतीक्षा दोन तासांवर जाते, ९० टक्क्यांना साडेचार तासांवर आणि ९५ टक्क्यांना साडेनऊ तासांवर, म्हणजे एका पूर्ण पाळीहून अधिक. काम फक्त ८० वरून ९५ टक्क्यांवर गेले, प्रतीक्षा मात्र पावणेपाचपट झाली.

रुग्णवाहिका दिवसाचा बराच वेळ फाटकाशी उभी असते म्हणून ती विकावी असे कोणी सुचवीत नाही. अतिदक्षता विभागातील शेवटची रिकामी खाट ही उधळपट्टी नसून व्यवस्थेचा श्वास आहे, हे सर्वांना पटते. संगणक विभागातील थोडीशी मोकळीक हीही त्याच जातीची आहे. ती संपूर्ण काढून घेतली की पहिल्या अनपेक्षित बिघाडाला सर्व कामे एकमेकांत अडकतात.

रांगेची आणखी एक उपयुक्त ओळख अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमाने होते. प्रलंबित कामांची सरासरी संख्या म्हणजे रोज येणाऱ्या कामांची संख्या गुणिले प्रत्येक कामास लागणारे दिवस. रोज २० विनंत्या येत असतील आणि यादीत कायम ६० पडून असतील, तर प्रत्येक विनंतीला सरासरी तीन दिवस लागत आहेत, हे कोणतेही महागडे सॉफ्टवेअर न घेता समजते. अट एकच, की प्रत्येक विनंतीची नोंद झाली पाहिजे. फोनवर, जिन्यात किंवा उपाहारगृहात सांगितलेली कामे यादीत येत नाहीत आणि जे यादीत नाही त्याचे नियोजनही होत नाही.

नोंदीचा आग्रह कागदी शिस्तीसाठी धरला जातो असा समज असतो. त्यामागे न्यायाचा विचार अधिक आहे. ओळखीवर चालणाऱ्या व्यवस्थेत विभागप्रमुखांचा फोन लगेच घेतला जातो. रात्रपाळीच्या सिस्टर, नोंदणी खिडकीवरील लिपिक, सामान्य कक्षातील निवासी डॉक्टर यांची तक्रार 'उद्या बघू' मध्ये विरते. सामान्य कक्षात उपचार घेणारा निर्धन रुग्ण या साखळीच्या अगदी शेवटी असतो. नोंदवहीत मात्र सिस्टरची तक्रार आणि विभागप्रमुखांची तक्रार एकाच आकाराच्या ओळीत लिहिली जाते.

विनामूल्य सेवेचे मोल

ज्या सेवेस किंमत नाही तिची मागणी पुरवठ्याने कधीच भागत नाही, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक नियम आहे. त्याला एक जोडनियमही आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये दाखवून दिले की वाफेची यंत्रे कमी कोळशात चालू लागल्यावर देशाचा कोळशाचा खप कमी होण्याऐवजी वाढला. संगणक सेवेचे तसेच आहे. एखादा अहवाल पूर्वी चार दिवसांत मिळत असे तेव्हा तो वर्षातून दोनदा मागितला जाई. तो एका तासात मिळू लागला की दर आठवड्यास मागितला जातो आणि त्यातील कित्येक अहवाल उघडूनही पाहिले जात नाहीत. सेवा सुधारल्याने मागणी भागेल या भरवशावर राहता येत नाही.

मग प्रत्येक विभागाकडून शुल्क आकारावे काय? अनेक मोठ्या संस्थांत ही पद्धत आहे आणि तिचा गुणही आहे. फुकट मिळणारा एक टेराबाइट आणि विभागाच्या अंदाजपत्रकातून जाणारा एक टेराबाइट यांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. परंतु रुग्णालयात या उपायाची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. शुल्क भारी वाटले की संशोधक स्वतःचा लॅपटॉप आणतो, रुग्णांची माहिती पेनड्राइव्हवर घेऊन जातो किंवा खाजगी ईमेलमध्ये ठेवतो. संगणक विभागाच्या यादीतील मागणी घटल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात ती नजरेआड झालेली असते. त्यातच रुग्णाच्या गोपनीयतेस सर्वाधिक धोका असतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एवढी रक्कम कोणत्याही धर्मादाय रुग्णालयाचे अस्तित्व पुसून टाकण्यास पुरेशी आहे.

यावर मध्यम मार्ग असा. दैनंदिन रुग्णसेवेसाठी लागणाऱ्या सेवेवर कोणत्याही विभागाकडून शुल्क घेऊ नये. अनुदानित व प्रायोजित प्रकल्पांनी आपल्या वाट्याचा खर्च अनुदानातून द्यावा. अनुदान नसलेल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधासाठी सेवा विनामूल्य असावी, पण तिला परिमाण असावे. शुल्क घेतले नाही तरी प्रत्येक विभागाने किती सेवा वापरली व तिचा खर्च किती झाला, याचे पत्रक तिमाहीस विभागप्रमुखांना पाठवावे. आपल्या नावावर किती खर्च पडला हे कळले की पुष्कळशी अनावश्यक मागणी आपोआप ओसरते.

वेळेच्या वाटणीचाही येथे उपयोग होतो. दिवसाच्या वेळेनुसार विजेचा दर निराळा ठेवण्याची पद्धत औद्योगिक ग्राहकांना परिचित आहे. तीच कल्पना संगणकास लावता येते. हजारो नोंदी चाळणारे विश्लेषण सकाळी दहा वाजता सुरू केले तर नोंदणी खिडकीवरील संगणक अडखळतो आणि बाहेरची रांग वाढते. तेच काम रात्री लावले तर कोणाचेच काही अडत नाही. संशोधकास निकाल सकाळी मिळतो आणि नवा सर्व्हर घेण्याची वेळ पुढे जाते.

क्रम कोणी व कसा लावावा

ब्रिटिश शासनाच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात संगणक सेवांच्या व्यवस्थापनासाठी 'आयटिल' या नावाने मार्गदर्शक ग्रंथमाला तयार होऊ लागली. तिच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत मागणीचे व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय म्हणून मांडला आहे. तत्त्व साधे आहे : मागणी निमूटपणे स्वीकारीत राहू नये, ती समजून घ्यावी, तिला वळण द्यावे. परंतु रुग्णालयात क्रम लावताना कारखान्याचे किंवा बँकेचे निकष पुरत नाहीत. पुढील पाच पायऱ्या आम्हांस उपयुक्त वाटतात.

पहिली, ज्या बिघाडाने आज, या क्षणी रुग्णाच्या जिवास धोका संभवतो तो. दुसरी, ज्यास कायद्याने मुदत घातली आहे ते काम. तिसरी, ज्यामुळे अनेकांचे काम थांबले आहे ती अडचण. चौथी, ठरलेल्या तारखेचे संशोधनाचे वा लेखा विभागाचे काम. पाचवी, सुधारणा व सोय.

या क्रमात संशोधन नेहमीच खाली राहते असा गैरसमज होऊ नये. औषधचाचणीत सहभागी झालेल्या व्यक्तीस गंभीर दुष्परिणाम झाल्यास त्याची सूचना संशोधकाने २४ तासांच्या आत नियामक, प्रायोजक व एथिक्स कमिटी यांना द्यावी असा नियम आहे. अशा वेळी चाचणीच्या नोंदी उघडत नसतील तर ती तक्रार पहिल्या दोन पायऱ्यांत मोडते. चाचणीत भाग घेणारा माणूस हाही आपला रुग्णच असतो. त्याने इतरांच्या हितासाठी स्वतःहून जोखीम पत्करलेली असते, म्हणून त्याचे ऋण अधिक. उलट एखाद्या डॉक्टरांच्या संगणकाचा पडदा मोठा हवा ही मागणी रुग्णसेवेच्या नावाने आली तरी ती पाचवीच पायरी होय. मागणीचा क्रम मागणाऱ्याच्या विभागावरून लागत नाही. मागणी न पुरविल्यास कोणाचे काय बिघडेल, यावरून तो लागतो.

उदाहरण घेऊ. एका सकाळी तीन विनंत्या आल्या. प्रयोगशाळेच्या यंत्रावरील निकाल कक्षांतील संगणकांवर दिसत नाहीत. एका प्रकल्पाचा वार्षिक अहवाल अनुदान देणाऱ्या संस्थेस उद्या सायंकाळपर्यंत पाठवावयाचा आहे. विश्वस्त मंडळाच्या दुपारच्या बैठकीसाठी आलेख हवे आहेत. प्रयोगशाळा निकाल दूरध्वनीने कळवीत आहे, म्हणून पहिले काम थोडे थांबेल असे कोणी म्हणेल. परंतु रक्तातील पोटॅशियम धोक्याच्या पातळीला गेल्याचा एकच निरोप चुकीच्या कक्षात पोहोचला तर त्याची भरपाई होत नाही. म्हणून प्रयोगशाळा प्रथम, प्रकल्पाचा अहवाल नंतर आणि आलेख सर्वांत शेवटी. विश्वस्तांपुढे त्या दिवशी आलेखाऐवजी आकड्यांचा कागद ठेवला तरी चालतो. हा क्रम विश्वस्त मंडळाने स्वतः मान्य करून लेखी दिलेला असेल, तरच संगणक विभागातील कनिष्ठ कर्मचारी तो निर्भयपणे पाळू शकतो. नाही म्हणण्याचा अधिकार दिल्याखेरीज नाही म्हणण्याची जबाबदारी टाकणे हे अन्यायाचे आहे.

तातडीच्या व्याख्येबाबतही कठोर राहावे लागते. एका कामास पुढे घेतले की त्याच्या मागची सर्व कामे मागे ढकलली जातात. सगळेच तातडीचे ठरले की पुन्हा मूळचीच रांग उरते आणि खरी निकड तिच्यात हरवते. मोठ्या कामांचा, म्हणजे नवे सॉफ्टवेअर, नवा सर्व्हर, नवा प्रकल्प यांचा निर्णय मात्र एका व्यक्तीने न घेता वैद्यकीय, परिचर्या, संशोधन, लेखा व संगणक या विभागांच्या प्रतिनिधींनी महिन्यातून एकदा एकत्र बसून घ्यावा. नाकारलेल्या प्रत्येक मागणीचे कारण लेखी कळवावे. कारण कळले की नकार मनाला लागत नाही आणि बहुधा अर्ज सुधारून पुन्हा येतो.

मागणी उगमाशीच कमी करणे

काही मागणी गरजेतून निर्माण होते, तर काही आधीचे काम नीट न झाल्यामुळे. विसरलेला पासवर्ड, दोनदा नोंदलेला एकच रुग्ण, अपुरा भरलेला तक्ता यांतून येणाऱ्या तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या. त्या वेगाने सोडविणे ही सेवा खरी, पण त्या उद्भवू न देणे ही त्याहून मोठी सेवा. नवीन निवासी डॉक्टर रुजू होतात त्या आठवड्यात प्रत्येकास एक तासाचे प्रशिक्षण दिले तर पुढील कित्येक महिन्यांच्या तक्रारी वाचतात.

संशोधनातील एक नमुनेदार प्रसंग पाहण्यासारखा आहे. 'गेल्या पाच वर्षांतील मधुमेही रुग्णांची यादी द्यावी' अशी विनंती येते. वाचावयास ती सोपी आहे. पण मधुमेही कोणास म्हणावे? केसपेपरवर निदान लिहिलेला, मधुमेहाचे औषध चालू असलेला, की ज्याचे एचबीए१सी ६.५ टक्के वा अधिक आहे तो? तिन्ही याद्या वेगळ्या निघतात. गरोदरपणातील मधुमेह धरावयाचा की नाही? एकच रुग्ण दहा वेळा आला तर तो एकदा मोजावा की दहादा? हे प्रश्न आधी विचारले नाहीत तर यादी काढली जाते, परत येते, पुन्हा काढली जाते आणि एका कामाची तीन कामे होतात. म्हणून माहिती मागण्याच्या अर्जात चार गोष्टी बंधनकारक असाव्यात : अभ्यासाचा प्रश्न एका वाक्यात, समाविष्ट करावयाच्या रुग्णांची नेमकी व्याख्या, हव्या असलेल्या रकान्यांची यादी आणि एथिक्स कमिटीच्या मान्यतेचा क्रमांक. रुग्णाचे नाव, पत्ता, दूरध्वनी हे रकाने अभ्यासास लागत नसतील तर ते द्यावयाचेच नाहीत. संशोधकास कमी माहिती द्यावी हा यामागील उद्देश नाही. रुग्णाने ती आपल्याकडे उपचारासाठी विश्वासाने दिली आहे, याचे स्मरण ठेवणे हा आहे.

काही कामे संशोधकांनी स्वतः करावीत अशी सोयही करून देता येते. अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये विकसित झालेली 'रेडकॅप' ही प्रणाली ना-नफा संस्थांना परवाना शुल्काशिवाय उपलब्ध होते. तिच्या साह्याने संशोधक आपल्या प्रकल्पाचा तक्ता स्वतः तयार करू शकतो आणि कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याचा मागोवाही राहतो. पूर्वी ज्या प्रत्येक तक्त्यासाठी प्रोग्रामरची वाट पाहावी लागे, ते काम यामुळे बरेचसे संशोधकाच्या हाती येते. तरीही सर्व्हर, सुरक्षा व प्रशिक्षण यांचा भार संस्थेवर राहतोच. शुल्क नाही याचा अर्थ खर्च नाही असा होत नाही.

जे कोणीच मागत नाही

आतापर्यंत मागितलेल्या कामांविषयी लिहिले. परंतु सर्वांत महत्त्वाची काही कामे अशी आहेत की ती कोणताही विभाग कधीच मागत नाही. माहितीची दुसरी प्रत घेणे, ती प्रत खरोखर उघडते का हे तपासणे, जुन्या प्रणाली अद्ययावत करणे, सोडून गेलेल्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड बंद करणे ही ती कामे. त्यांच्यासाठी कोणाचा फोन येत नाही, म्हणून मागणीच्या रेट्यात तीच प्रथम मागे पडतात.

याचे परिणाम काय होतात ते जगाने पाहिले आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या संगणकीय हल्ल्यात इंग्लंडमधील सरकारी आरोग्य सेवेच्या २३६ पैकी किमान ८० ट्रस्टचे काम विस्कळीत झाले. ज्या त्रुटीतून हा हल्ला आला तिची दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पाच सर्व्हर अशाच हल्ल्यात सापडले आणि जवळजवळ दोन आठवडे नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. देशातील अग्रगण्य संस्थेवर हा प्रसंग येऊ शकतो, तर लहान रुग्णालयांनी आपणास कोण विचारतो या समजुतीत राहणे धोक्याचे आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने काढलेल्या निर्देशांनुसार अशा घटनेची सूचना सहा तासांच्या आत द्यावी लागते. सहा तासांत सूचना देण्यासाठी घटना घडल्याचे आधी लक्षात यावे लागते आणि त्यासाठी कोणीतरी लक्ष ठेवून असावे लागते.

यास्तव संगणक विभागाच्या एकूण वेळेतील एक निश्चित वाटा देखभालीसाठी बाजूला काढून ठेवावा आणि कोणत्याही विभागाच्या निकडीसाठी तो मोडू नये. हिशेबाच्या भाषेत हा घसारा निधी होय. इमारतीचा घसारा आपण दरवर्षी न चुकता लिहितो, कारण छत गळू लागल्यावर पैसे शोधण्यात अर्थ नसतो. माहितीचे छत डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

समारोप

सारांश, संगणक सेवांवरील खर्च वाढला हे जसे खरे, तसेच प्रत्येक मागणी पुरवून तो वाढत गेला तर धर्मादाय संस्थेस तो पेलणार नाही, हेही खरे. दुसऱ्या बाजूने, सरसकट काटछाट केली तर तिचा फटका सर्वांत आधी त्यांना बसतो ज्यांचा आवाज कमी आहे. या दोहोंमधील वाट म्हणजे नोंद, क्रम, वेळेची वाटणी, प्रकल्पांकडून न्याय्य हिस्सा आणि देखभालीसाठी राखीव वेळ. यांपैकी एकाही गोष्टीस मोठे भांडवल लागत नाही. शिस्त आणि परस्परांच्या कामाविषयी आदर मात्र लागतो.

अहवालातील हा रकाना तपासताना सभासदांनी केवळ रक्कम वाढली की घटली एवढेच पाहू नये, अशी नम्र विनंती आहे. किती विनंत्या आल्या, किती प्रलंबित राहिल्या, सामान्य कक्षातील तक्रार किती तासांत मिटली, माहितीची दुसरी प्रत शेवटची केव्हा उघडून पाहिली, कोणत्या प्रकल्पाने आपला हिस्सा दिला, हे प्रश्न सर्वसाधारण सभेत अवश्य विचारावेत. देणगीदारांच्या पैशाचा विनियोग कसा होतो हे जाणून घेण्याचा तो अधिक खात्रीचा मार्ग आहे आणि अशा प्रश्नांची उत्तरे देण्यास प्रशासन बांधील आहे. विश्वस्त मंडळ, वैद्यकीय व परिचर्या विभागातील सहकारी, संशोधक आणि अहोरात्र पडद्यामागे राबणारे संगणक विभागातील कर्मचारी यांच्या सहकार्यानेच हे नियोजन साध्य होऊ शकते. 

— प्रशासकीय अधिकारी